आलेखावरचे मोठे आकडे: एका अक्षाला एकच एकक

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले लोकसंख्येने सर्वांत मोठे तीन जिल्हे होते ठाणे (१,१०,६०,१४८), पुणे (९४,२९,४०८) आणि मुंबई उपनगर (९३,५६,९६२). पालघर तेव्हा ठाण्यातच होतं. ते १ ऑगस्ट २०१४ला वेगळं झालं. या तिघांचा साधा स्तंभालेख करा आणि स्तंभांच्या डोक्यावर आकडे छापायचं काम ब्राउझरमध्ये आयत्या मिळणाऱ्या ‘इंटल डॉट नंबरफॉरमॅट’वर सोपवा. लोकेल मराठी, नोटेशन ‘कॉम्पॅक्ट’. लेबलं उमटतात ती अशी: १.१ कोटी, ९४ लाख, ९४ लाख.

सुटं सुटं पाहिलं तर यातलं एकही लेबल चुकीचं नाही. पण आलेख म्हणून हे फसलंय. ९४ हा आकडा १.१पेक्षा मोठा दिसतो, म्हणून वाचकाची नजर अडखळते. पुढचा शब्द वाचून, मनातल्या मनात गुणाकार करून मग तो सावरतो. पुणे आणि उपनगर यांच्यात ७२,४४६ माणसांचा फरक आहे. स्तंभ किंचित लहान-मोठे दिसतात आणि लेबलं मात्र जुळी. वाचकाला वाटतं, चित्र चुकलं की आकडा?

आकडे आटोपशीर करणारी फंक्शनं एका वेळी एकच आकडा पाहतात. शेजारच्या स्तंभावर काय लिहिलंय हे त्यांना कळायला मार्गच नसतो. म्हणून आलेखासाठी कोड लिहिताना पहिला बदल करायचा तो इथे: एकक आकड्याने ठरवायचं नाही, अक्षाने ठरवायचं. फंक्शनला एक आकडा देऊन एक शब्द परत मागण्याऐवजी, आधी अख्ख्या अक्षाचे आकडे देऊन त्याच्याकडून ‘फॉरमॅटर’ बनवून घ्या आणि मग प्रत्येक खुणेला तोच फॉरमॅटर लावा. दोन टप्पे. यातला पहिला टप्पा गाळल्यामुळेच बहुतेक आलेखांवर हजार, लाख आणि कोटी एकाच रांगेत दाटीवाटीने उभे असतात.

हिशेबाच्या जगात ही शिस्त कायद्यानेच घालून दिली आहे. कंपनी कायदा, २०१३च्या तिसऱ्या अनुसूचीत ताळेबंदातले आकडे शेकडा, हजार, लाख, दशलक्ष किंवा कोटीत पूर्णांकित करावे लागतात, आणि एकदा घेतलेलं एकक सगळ्या वित्तीय विवरणांत तेच ठेवावं लागतं. आलेखाला कायदा नाही, वाचणारा माणूस मात्र तोच आहे.

मग एकक निवडायचं कसं? सगळ्यांत मोठा आकडा बघून, असं पटकन सुचतं. ठाणे एक कोटीच्या वर, म्हणून कोटी. पण याच आलेखात राज्यातले उरलेले जिल्हेही घेतले की सर्वांत लहान येतो सिंधुदुर्ग: ८,४९,६५१. कोटीत तो ०.०८ होतो. वाचकाला शून्य-पॉइंट-शून्य-आठ कोटी माणसं डोळ्यापुढे आणता येत नाहीत. लाखात मात्र सिंधुदुर्ग ८.५, गडचिरोली १०.७, नागपूर ४६.५, नाशिक ६१.१, पुणे ९४.३, ठाणे ११०.६. ‘एकशे दहा लाख’ कानाला खटकतं हे खरं. अक्षावर ते खपतं, कारण तिथे आपण आकडा मोठ्याने वाचत नाही, उंची ताडून पाहतो. माझा नियम असा: आलेखातल्या सर्वांत लहान पण महत्त्वाच्या आकड्याला दशांशचिन्हाच्या डावीकडे किमान एक खरा अंक मिळाला पाहिजे, आणि सर्वांत मोठ्याला तीनपेक्षा जास्त मिळू नयेत. दोन्ही अटी पाळणारं एकक बहुधा एकच निघतं.

कधी एकही निघत नाही. देशातली सगळी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश एका आलेखावर घेतले तर उत्तर प्रदेश १९,९८,१२,३४१ आणि लक्षद्वीप ६४,४७३. इथे एकक शोधत बसू नका. साध्या अक्षावर लक्षद्वीपचा स्तंभ तसाही दिसणार नाही. अशा वेळी लॉग अक्ष घ्यावा, आणि वरच्या नियमाला अपवादही इथेच. लॉग अक्षावर प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या दहापट असते, म्हणून तिथे १० हजार, १ लाख, १० लाख, १ कोटी, १० कोटी अशी बदलती एककंच नैसर्गिक वाचली जातात. ‘०.१ लाख, १ लाख, १० लाख, १०० लाख, १००० लाख’ असा हट्ट तिथे धरू नये.

एकक ठरलं की ते प्रत्येक खुणेपुढे लिहायचं का? मी लिहीत नाही. अक्षाच्या शीर्षकात ‘लोकसंख्या (लाख)’ असं एकदा लिहिलं की खुणांवर नुसते आकडे पुरतात. पण तो आलेख कुणी कापून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असेल, आणि मराठी आलेखांचं आयुष्य आजकाल तिथेच जातं, तर शीर्षक कापलं जाण्याची भीती असते. अशा वेळी सर्वांत वरच्या खुणेवर एकक लिहावं: ‘१०० लाख’, आणि खाली ८०, ६०, ४०, २०, ०. शून्यापुढे एकक कधीच नको. ‘० लाख’ हे फक्त कॉम्प्युटरच लिहू शकतो.

आता दशांश. इथे सगळ्यांत जास्त घोटाळे होतात आणि ते सहज दिसतही नाहीत. ‘कॉम्पॅक्ट’ नोटेशनची मूळ सवय अशी आहे की डावीकडे एकच अंक असेल तर एक दशांश ठेवायचा, दोन किंवा तीन अंक असतील तर दशांश उडवून पूर्णांक करायचा. २०२०च्या अर्थसंकल्पात आलेल्या नव्या प्राप्तिकर रचनेत टप्पे होते अडीच, पाच, साडेसात, दहा, साडेबारा आणि पंधरा लाख. त्या टप्प्यांचा आलेख या मूळ सवयीने काढला तर खुणा उमटतात: २.५ लाख, ५ लाख, ७.५ लाख, १० लाख, १३ लाख, १५ लाख. बाकीच्या पाच खुणा बरोबर, आणि करदात्याला साडेबाराऐवजी तेरा लाखांची मर्यादा सांगणारी एक खूण वरच्या भागात. खुणांमधलं अंतर सारखं, आकड्यांमधलं नाही. चाचणी करणाऱ्याने फक्त खालचा भाग पाहिला असेल तर हे सुटून जातं. उपाय एका ओळीचा आहे: ‘मॅक्सिमम फ्रॅक्शन डिजिट्स’ हा पर्याय स्वतःहून १ किंवा हवा तेवढा द्या. तो दिला की फॉरमॅटर आपली सवय सोडतो.

हवा तेवढा म्हणजे किती, हेही अक्षच सांगतो. दोन खुणांमधलं अंतर घ्या आणि निवडलेल्या एककाने भागा. अंतर अडीच लाख आणि एकक लाख असेल तर उत्तर २.५, म्हणजे एक दशांश. अंतर पंचवीस हजार असेल तर ०.२५, म्हणजे दोन. कोडमध्ये हे करायला लॉगॅरिदम लागत नाही. शून्य दशांशापासून सुरू करा, अंतराला दहाच्या त्या घाताने गुणा, गुणाकार जवळच्या पूर्णांकाशी अगदी थोड्या फरकाने जुळतो का बघा, नाही जुळला तर एक दशांश वाढवा, तीनपर्यंत गेलात की थांबा. ‘थोड्या फरकाने’ हे महत्त्वाचं, कारण ०.१ची तीनदा बेरीज केली तर कॉम्प्युटरला ०.३ मिळत नाही, ०.३०००००००००००००००४ मिळतं. ज्यांना लॉगॅरिदमच वापरायचा आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं: जावास्क्रिप्टमध्ये हजाराच्या नैसर्गिक लॉगला दहाच्या नैसर्गिक लॉगने भागलं की ३ येत नाही, २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं, आणि ‘फ्लोअर’ लावला की हजार हा आकडा शेकड्यांत जाऊन बसतो.

एकदा दशांश ठरले की एका अक्षावरच्या सगळ्या खुणांना तेवढेच द्या. १०, १२.५, १५पेक्षा १०.०, १२.५, १५.० अशी रांग मला बरी वाटते, कारण दशांशचिन्हं एकाखाली एक येतात. काही जणांना शेवटची शून्यं खुपतात. स्तंभाच्या डोक्यावरच्या लेबलात मीही ती काढतो, अक्षावर नाही.

सुट्या आकड्यासाठी फंक्शन लागतंच. डॅशबोर्डच्या वरच्या चौकटीत मोठ्या अक्षरात जो एकच आकडा बसतो, त्याला शेजारी नसतात, तेव्हा तिथे प्रत्येक आकड्याने आपलं एकक निवडायला हरकत नाही. हे फंक्शन बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेलं असतं आणि बहुतेकांच्या फंक्शनमध्ये त्याच तीन-चार चुका असतात. पहिली, ऋण आकडे. तोटा २५ लाखांचा असेल तर आकडा आहे उणे २५,००,०००. तो ‘एक लाखापेक्षा मोठा का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर देतो, मग ‘एक हजारापेक्षा?’ यालाही ‘नाही’, आणि शेवटी जसाच्या तसा सात अंकी छापला जातो. तुलना नेहमी चिन्ह काढून करा आणि चिन्ह शेवटी लावा. लावताना कीबोर्डवरच्या हायफनऐवजी खरं उणे चिन्ह लावलंत तर ते नीट दिसतं, आणि ओळ तुटताना आकड्यापासून सुटून वरच्या ओळीत राहत नाही.

दुसरी चूक काठावरची. आकडा ९९,९६,०००. तो कोटीपेक्षा लहान, म्हणून एकक लाख, भागाकार ९९.९६, एक दशांश ठेवून पूर्णांकन केलं की १००.०. लेबल उमटतं ‘१००.० लाख’. हीच गोष्ट ९९,९६० या आकड्याची: ‘१००.० हजार’. कारण साधं आहे, एकक पूर्णांकनाच्या आधी निवडलं गेलं. म्हणून क्रम असा हवा: मोठ्यापासून लहानाकडे एककं तपासा, बसेल ते घ्या, भागा, पूर्णांकन करा आणि मग उत्तर १०० किंवा जास्त झालं का ते पुन्हा विचारा. झालं असेल तर एक पायरी वर चढा आणि मूळ आकड्यापासून परत सुरुवात करा. हजार ते लाख आणि लाख ते कोटी या दोन्ही पायऱ्या शंभरपटीच्या आहेत, त्यामुळे तपासणी एकाच आकड्याने होते. इंग्रजी पद्धतीचं फंक्शन इंटरनेटवरून उचलून त्यात फक्त एककांची नावं बदललीत तर तिथली हजारपटीची तपासणी तशीच राहते आणि ती कधीच लागू पडत नाही.

मराठी वाचकाला सवयीचा ‘१ कोटी ११ लाख’ हा जोडआकडा हवा असेल तर तोही याच खड्ड्यात पडतो. आधी कोटी आणि बाकी असे तुकडे केले आणि मग बाकीचं पूर्णांकन केलं, तर १,९९,९६,००० या आकड्याचं ‘१ कोटी १०० लाख’ होतं. आधी जवळच्या लाखापर्यंत पूर्णांकन करा, मग तुकडे करा.

तिसरी गोष्ट चूक नाही, पण दोन आलेखांत भांडण लावते. १.२५ला एका दशांशावर आणायचं झालं तर जावास्क्रिप्टचं ‘टूफिक्स्ड’ १.३ देतं आणि पायथॉनचं ‘राउंड’ १.२ देतं. पायथॉन बरोबर मध्यावरचा आकडा सम अंकाकडे नेतो, जावास्क्रिप्ट वर नेतं. ईमेलमधून जाणारा आलेख सर्व्हरवर पायथॉनने काढलेला आणि वेबसाइटवरचा ब्राउझरने, अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी असते. मग सकाळी कुणीतरी विचारतं की सव्वा लाख एका ठिकाणी १.२ आणि दुसऱ्या ठिकाणी १.३ कसे. दोनपैकी कोणतीही रीत घ्या, पण पूर्णांकन एकाच ठिकाणी करा.

आता हत्यारांकडे. ब्राउझरमधल्या ‘इंटल’ची बाजू मजबूत आहे, कारण स्वल्पविरामांची भारतीय मांडणी, लाख-कोटी आणि देवनागरी अंक हे सगळं त्याला आधीच येतं. मराठी लोकेल दिलं की अंक देवनागरीच येतात. हिंदी लोकेलला मात्र मुळात इंग्रजी अंकच येतात. मराठी शब्द हवेत पण अंक इंग्रजी हवेत, असं असेल तर लोकेलच्या नावाला अंकपद्धतीचं शेपूट जोडून तसं सांगता येतं. ‘कॉम्पॅक्ट’मध्ये छोटा आणि लांब असे दोन प्रकार आहेत. मराठीत छोट्या प्रकारात हजाराचा नुसता ‘ह’ होतो, ‘१० ह’ असं काहीतरी गूढ दिसतं. लांब प्रकार घ्या, ‘१० हजार’ मिळेल. भारतीय इंग्रजी लोकेलचा आणखी एक किस्सा आहे. जुन्या ब्राउझरांत तिथे हजाराला इंग्रजी ‘टी’ लागायचा, आणि ‘टी’ पाहिला की अर्थव्यवस्थेच्या बातम्या वाचणाऱ्याला ट्रिलियन आठवतो. जुने फोन वापरणारे वाचक असतील तर त्या लोकेलच्या लघुरूपांवर विसंबू नका. सर्व्हरवर नोड वापरत असाल तर तेराव्या आवृत्तीपासून सगळ्या लोकेलांची माहिती सोबत येते. त्याआधीच्या बांधणीत सहसा फक्त इंग्रजी असायची आणि मराठी मागितलं तरी गुपचूप इंग्रजी मिळायची.

जावास्क्रिप्टची डी-थ्री ही लायब्ररी वापरणाऱ्यांना ‘एस’ हा फॉरमॅट माहीत असतो. तो शास्त्रीय उपसर्ग लावतो, म्हणून अब्जाला ‘जी’ येतो, गिगाचा. रुपयांच्या आलेखावर गिगारुपये वाचून वाचक हसतो. त्याहून वाईट म्हणजे एकपेक्षा लहान आकडा: ०.५चं ‘५०० एम’ होतं, तो ‘एम’ मिलीचा असतो आणि वाचला जातो मिलियन. डी-थ्रीमध्ये लाख-कोटी नाहीत, पण भारतीय स्वल्पविरामांचं लोकेल आहे आणि खुणांचा फॉरमॅट म्हणून स्वतःचं फंक्शन देता येतं. चार्ट-जेएसमध्येही खुणांच्या ‘कॉलबॅक’ला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून सगळ्या खुणांची यादी मिळते. एकक आणि दशांश अक्षावरून ठरवायचे म्हणतोय ते करण्याची जागा हीच, पण बहुतेक जण पहिला आर्ग्युमेंट घेऊन बाकीच्यांकडे बघतही नाहीत.

पायथॉनचं मॅटप्लॉटलिब दहा लाखांच्या पुढे गेलं की आकडे भागून टाकतं आणि गुणक अक्षाच्या टोकाशी बारीक अक्षरात लिहितं, ‘१ई७’ अशा रूपात. तो कुणी वाचत नाही. ‘फंक-फॉरमॅटर’ला आपलं फंक्शन द्या किंवा सरळ आधीच माहिती लाखाने भागून घ्या आणि शीर्षकात लाख लिहा, दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण पुढच्या माणसाला तो एका नजरेत कळतो. पायथॉनच्या फॉरमॅटमधला स्वल्पविराम फक्त तीन-तीन अंकांचे गट करतो. भारतीय गट हवे असतील तर ‘लोकेल’ मॉड्युल आहे, पण ते ऑपरेटिंग सिस्टिमवर ते लोकेल बसवलेलं असण्यावर अवलंबून आहे, आणि डॉकरच्या सडपातळ प्रतिमांत ते बहुधा नसतं. तुमच्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर कोसळतं. ‘बेबेल’ ही लायब्ररी आपली माहिती सोबत आणते, ती घ्यावी. स्वतः लिहायचंच असेल तर आधी चिन्ह आणि दशांश भाग बाजूला काढा, उरलेल्यातून उजवीकडचे तीन अंक तोडा आणि मग डावीकडे दोन-दोनचे गट करत जा. दशांश भाग बाजूला काढायला विसरलात तर दशांशानंतरही स्वल्पविराम पडतात.

आर या भाषेत ‘स्केल्स’ पॅकेजला एककांची नावं आणि त्यांच्या सीमा अशी यादी देता येते, त्यात हजार, लाख, कोटी लिहिले की झालं. एक्सेलची गोष्ट निराळी. तिथे फॉरमॅटच्या शेवटी दिलेला प्रत्येक स्वल्पविराम आकडा हजाराने भागतो. हजार आणि दशलक्ष त्यातून मिळतात. लाख आणि कोटी मिळत नाहीत, कारण ते हजाराचे घात नाहीत. चौकोनी कंसात अटी घालून स्वल्पविरामांची मांडणी भारतीय करता येते, पण अटी दोनच चालतात आणि ऋण आकडे तिसऱ्या कप्प्यात ढकलले जातात. एक्सेलमध्ये आलेखासाठी शेजारी लाखाने भागलेला स्तंभ करणं हे कंटाळवाणं वाटतं, पण टिकतं तेच.

कोटीच्या पुढे काय, हा प्रश्न अर्थसंकल्पाचे आलेख काढणाऱ्यांना पडतो. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात केंद्राचा एकूण खर्च ५०,६५,३४५ कोटी रुपये होता. माहिती मूळ रुपयांत असेल आणि मराठी ‘कॉम्पॅक्ट’ लावलंत तर यंत्र खर्व-पद्मांच्या प्रदेशात शिरतं. भास्कराचार्यांच्या संख्यानामांच्या यादीत खर्व दहा अब्जांचा, हिंदीतला खरब शंभर अब्जांचा. या भानगडीत वाचकाला ओढण्याचं कारण नाही. बातम्यांत आणि सभागृहात ‘लाख कोटी’ चालतं, तेच आलेखावर चालवा: ५०.६५ लाख कोटी. यासाठी एककांच्या यादीत एक पायरी हाताने वाढवावी लागते, आणि कोटी ते लाख कोटी ही पायरी शंभरपटीची नाही, लाखपटीची आहे, तेव्हा काठावरची तपासणी त्या पायरीपुरती बदला. जाता जाता: जावास्क्रिप्टमध्ये नेमका राहणारा सर्वांत मोठा पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ आहे. केंद्राच्या एका वर्षाचा खर्च पैशांत लिहिला तरी त्यात मावतो. २०२४-२५च्या अंदाजातले ४८,२०,५१२ कोटी त्यात मिळवले की दोन वर्षांची बेरीज, पैशांत, मावत नाही.

परदेशातल्या वाचकाला लाख कळत नाही, आणि न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलांनाही कोटीपेक्षा मिलियन जवळचा वाटतो. एकक वाचकाच्या लोकेलवरून निवडा, कोड लिहिणाऱ्याच्या नव्हे. जपानीत तर गट चार-चार शून्यांचे असतात, तेव्हा हाताने लिहिलेली कोणतीही एक यादी सगळीकडे पुरणार नाही.

देवनागरी लेबलांचे स्वतःचे त्रास आहेत. ‘कोटी’ हा शब्द ‘एम’पेक्षा रुंद आहे, म्हणून डावीकडचा समास इंग्रजी लेबलांवरून ठरवला असेल तर पहिलं अक्षर कापलं जातं. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोन उमटतात; नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त यांपैकी एखादा फॉन्ट द्यावा लागतो. फॉन्ट दिल्यावरही मॅटप्लॉटलिबच्या बहुतेक आवृत्त्यांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ‘लाख’ आणि ‘कोटी’ त्यातून सुखरूप निघतात, कारण त्यांत जोडाक्षर नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. ‘अब्ज’ आणि ‘दशलक्ष’ मोडतात. लाख-कोटीत राहण्याचं हे आणखी एक व्यावहारिक कारण. आकडा आणि एकक यांमध्ये न तुटणारी मोकळी जागा घाला, नाहीतर अरुंद फोनवर ९४.३ एका ओळीत आणि लाख दुसऱ्या.

लेबल आटोपशीर असलं तरी टूलटिपमध्ये पूर्ण आकडा द्या, १,१०,६०,१४८. स्क्रीन रीडरसाठीही तोच. माहिती उतरवून घ्यायच्या फाइलमध्ये मात्र स्वल्पविरामही नको. फॉरमॅटिंग ही अगदी शेवटची पायरी ठेवा, काढायच्या क्षणी करायची. आधी फॉरमॅट करून मग क्रम लावलात तर ‘९ लाख’ हे अक्षरांच्या क्रमाने ‘८५ लाख’च्या पुढे जातं. देवनागरी अंकांचा मजकूर परत आकड्यात बदलायचा म्हटला तर पायथॉनचं ‘इंट’ तो गपगुमान वाचतं, जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘आकडा नाही’ असं सांगून मोकळं होतं.

नसलेली माहिती हा शेवटचा धोका. जावास्क्रिप्टमध्ये ‘नल’ आणि रिकामा मजकूर, दोघांनाही आकडा करायला सांगितलं की शून्य मिळतं. ज्या तालुक्याचा आकडा आलेलाच नाही त्याच्यावर ‘०’ छापलं जाणं हे चुकीच्या पूर्णांकनाहून कितीतरी वाईट. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत हे तपासा आणि अशा जागी एक आडवी रेघ छापा.

चाचण्यांत हे आकडे घ्या: ०, ९९९, १०००, ९९,९६०, १,००,०००, ९९,९६,०००, १,००,००,०००, १,९९,९६,०००, उणे २५,००,०००, ०.५, १२,५०,०००, आणि नल. अपेक्षित उत्तर हाताने टाइप केलेल्या साध्या स्पेसने लिहिलंत तर चाचणी कधी कधी नापास होईल, आणि दोन्ही ओळी पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतील. न तुटणारी जागा घालणाऱ्या फॉरमॅटरांमुळे हे होतं. चाचणीतही तीच जागा तिच्या युनिकोड क्रमांकाने लिहा, ००ए०.